अधांतरी शाफ्ट

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण इथं जमतो, त्यांनी उभी हयात यंत्रशास्त्र शिकवण्यात घालवली. त्यांच्या नावानं बोलायचं तर यंत्राबद्दलच बोलावं, आणि वरवर न बोलता आत शिरून बोलावं, असं मी ठरवलं. समोर इंजिनिअरिंगची मुलं आहेत, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतली मंडळी आहेत, यंत्राशी रोजचा संबंध नसलेले पण कुतूहलानं आलेले श्रोतेही आहेत. विषय आहे चुंबकीय बेअरिंग. फिरता शाफ्ट कुठेही न टेकता, नुसत्या चुंबकाच्या ओढीवर तोलून धरायचा, आणि त्यावर खरंखुरं, अवजड यंत्र वर्षानुवर्षं चालवायचं.

नॉर्वेजियन समुद्रात ओसगार्ड नावाचं तेल आणि वायूचं क्षेत्र आहे. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये तिथं समुद्रतळावर, सुमारे ३०० मीटर पाण्याखाली, वायू दाबून पुढे ढकलणारे कॉम्प्रेसर सुरू झाले. एकेकाची ताकद ११.५ मेगावॉट. एवढा कॉम्प्रेसर जमिनीवर असला की त्याच्या शेजारी तेलाची टाकी, पंप, कूलर, फिल्टर, सील असा सगळा पसारा लागतो, आणि त्या पसाऱ्यावर नजर ठेवणारी माणसं लागतात. ३०० मीटर पाण्याखाली तेल बदलायला कोण जाणार? म्हणून मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच बंद कवचात घातले, वंगणाचं तेल काढून टाकलं आणि शाफ्ट चुंबकांवर तोलला.

तेल काढून टाकलं असं मी पटकन म्हणून गेलो, पण तेलाला कमी लेखायचा माझा हेतू नाही. तेलाच्या पातळ थरावर शाफ्ट तरंगवणं ही यंत्रविद्येतली फार मोठी कमाई आहे, आणि ती कशी हाती लागली तेही ऐकण्यासारखं आहे. १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. आस खालून तेलात बुडलेला, वर पितळेचं अर्धं बेअरिंग आणि त्यावर भार. वरून तेल सोडता यावं म्हणून त्यानं बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. यंत्र सुरू केलं तर तेल आत जाण्याऐवजी भोकातून बाहेर उसळू लागलं. त्यानं बूच ठोकलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकत बाहेर आली. मग त्यानं तिथं दाबमापक लावला, तर काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे जाऊन पट्टीच्या बाहेर गेला. फिरणारा आसच तेल ओढून आत घेत होता, दाब तयार करत होता आणि त्या दाबावर बेअरिंगला उचलून धरत होता. १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं या थराचं गणित मांडलं. आजचे टर्बाइन, जनरेटर त्याच गणितावर फिरतात.

तेलाच्या थराचा मोठा गुण असा, की शाफ्ट खाली सरकला की थर पातळ होतो, दाब वाढतो आणि शाफ्ट आपोआप वर ढकलला जातो. कुणाला काही पाहावं लागत नाही, काही ठरवावं लागत नाही. ही आपोआप सावरण्याची सोय चुंबकाकडे नाही, आणि आजच्या विषयाचं सगळं मर्म इथं आहे.

सारखे ध्रुव समोरासमोर धरून एक लोहचुंबक दुसऱ्यावर तरंगवायचा खटाटोप आपण सगळ्यांनी लहानपणी केला आहे, आणि वरचा चुंबक दर वेळी बाजूला निसटून, उलटून, चिकटला आहे. हाताचा तो दोष नव्हता. सॅम्युएल अर्नशॉ नावाचा गणिती होता. १८३१ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला आलेला, पुढे धर्मोपदेशक झालेला. त्याला यंत्रांशी काही देणंघेणं नव्हतं. प्रकाश वाहून नेणाऱ्या ईथरचे कण एकमेकांना कसे धरून राहत असतील याचा तो विचार करत होता. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटणाऱ्या बलांनी कुठलीही वस्तू सर्व दिशांनी स्थिर धरता येत नाही, असं त्यानं १८४२ साली छापून आलेल्या लेखात सिद्ध केलं. ईथर पुढे इतिहासजमा झाला, सिद्धांत मात्र टिकला. कायम चुंबकांची कितीही कड्यावर कडी मांडा, दोन दिशांत मिळवलेलं स्थैर्य तिसऱ्या दिशेत गमवावं लागतं. युरेनियम समृद्ध करणारी गर्नोट झिप्पेच्या आराखड्याची सेंट्रिफ्यूज याचं चांगलं उदाहरण आहे. तिच्या नळकांड्याला वरच्या टोकाला चुंबकाची कडी सावरते, पण खालचं टोक एका सुईवर टेकलेलं असतं. एका ठिकाणी का होईना, स्पर्श ठेवावाच लागला. अतिवाहक वापरले तर अर्नशॉच्या अटींतून सुटका होते, पण त्यासाठी कमालीची थंडी सांभाळावी लागते. तो विषय आज बाजूला ठेवतो.

मग उरतो विद्युतचुंबक, आणि तोही ओढणारा. शाफ्टच्या वर एक चुंबक, खाली एक. दोघं शाफ्टला आपापल्याकडे ओढत आहेत. मधली फट समजा दोन्हीकडे अर्धा मिलिमीटर. ओढ फटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. आता शाफ्ट फक्त ०.०५ मिलिमीटर वर सरकला असं धरा. वरची फट ०.४५ झाली, वरच्या चुंबकाची ओढ सुमारे २३ टक्के वाढली. खालची फट ०.५५ झाली, खालच्याची ओढ सुमारे १७ टक्के घटली. म्हणजे जरासा वर गेलेला शाफ्ट सुरुवातीच्या ओढीच्या ४० टक्के इतक्या बळानं आणखी वरच खेचला जाणार. तेलाचा थर शाफ्टला जागेवर परत ढकलतो, चुंबक त्याला जागेवरून आणखी लांब नेतो. स्प्रिंगचा ताठरपणा इथं उणे चिन्हानं येतो.

यावर उपाय एकच, आणि तो तळहातावर काठी उभी तोलणाऱ्या कुठल्याही पोराला माहीत आहे. काठी कलली की हात त्या बाजूला न्यायचा, आणि नंतर नव्हे, लगेच. नजर काठीवरून हटली की काठी पडली. चुंबकीय बेअरिंगमध्ये हे काम सेन्सर, गणित करणारा कंट्रोलर आणि करंट पुरवणारा ॲम्प्लिफायर मिळून करतात. शाफ्ट कुठे आहे ते सेकंदाला दहा-वीस हजार वेळा मोजायचं, आणि प्रत्येक मोजणीगणिक कॉइलमधला करंट दुरुस्त करायचा. मला या विषयात जी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे ती ही. घर्षण गेलं, तेल गेलं, हे या बेअरिंगचे फायदे खरे. पण स्थिरता हा यंत्राचा गुण होता, तो इथं अखंड करत राहायच्या कामात बदलला. म्हणून हे बेअरिंग लोखंडात जितकं असतं तितकंच मोजणीत आणि गणितात असतं, आणि ज्याला हे तीनही येत नाही त्याच्या हातात ते बंद पेटी होऊन बसतं.

ही कल्पना जुनी आहे. जर्मनीत हेरमान केम्परनं १९३४ साली चुंबकावर तरंगणाऱ्या रेल्वेचं पेटंट मिळवलं. आज शांघायला विमानतळाकडे धावणारी गाडी त्याच वंशातली. फिरत्या वस्तूंच्या बाबतीत मला सगळ्यात मोठा वाटतो तो व्हर्जिनिया विद्यापीठातला जेसी बीम्स. व्हॅक्यूम ट्यूबच्या सर्किटांवर त्यानं निर्वात नळीत पोलादाची बारीक गोळी चुंबकानं अधांतरी धरली आणि फिरत्या चुंबकीय क्षेत्रानं तिला गती दिली. एक मिलिमीटरहूनही लहान गोळी त्यानं सेकंदाला ३ लाखांहून जास्त फेऱ्यांपर्यंत नेली. मिनिटाला नव्हे, सेकंदाला. तिला रोखायला घर्षण उरलंच नव्हतं. वेगाची मर्यादा पोलादाच्याच ताकदीनं घालून दिली: एका वेगानंतर गोळी स्वतःच्याच ताणानं फुटे. १९४० च्या दशकात हे झालं, आणि तरी कारखान्यात हे बेअरिंग यायला आणखी तीस-चाळीस वर्षं गेली. मोठ्या शाफ्टला पुरेल एवढा करंट झटपट वर-खाली करणारे सेमीकंडक्टर स्विच आणि वेगानं हिशेब करणारे प्रोसेसर यांची वाट पाहावी लागली. १९७६ साली फ्रान्समध्ये व्हेर्नाँ इथं केवळ याच कामासाठी एस-टू-एम ही कंपनी निघाली. १९८० च्या दशकात कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनवरचे कॉम्प्रेसर या बेअरिंगवर चालू लागले. १९८८ साली झ्युरिकला या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पुढे आयएसओनं अशा यंत्रांच्या कंपनांसाठी वेगळं मानकच केलं.

आता प्रत्यक्ष बेअरिंग पाहू. दिसायला ते मोटरच्या स्टेटरसारखं दिसतं: सिलिकॉन पोलादाच्या पातळ पत्र्यांची चळत, तिला आतल्या बाजूनं ध्रुव, ध्रुवांवर तांब्याच्या कॉइल. शाफ्टवरही तशाच पत्र्यांची बाही चढवलेली असते, कारण सतत बदलणाऱ्या क्षेत्रात अखंड लोखंडात भोवरी प्रवाह उठतात, लोखंड तापतं आणि बळ उशिरा पोचतं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना आडवी आणि उभी अशा दोन-दोन दिशा, आणि लांबीच्या दिशेनं एक थाळी, तिच्या दोन्ही बाजूंना चुंबक. म्हणजे एकूण पाच दिशांना आवर घालायचा. सहावी दिशा फिरण्याची, ती मोकळी. शेजारी सेन्सर. आणि सगळ्यात आत, शाफ्टपासून साधारण पाव मिलिमीटर अंतरावर, साधी बॉल बेअरिंग. त्यांच्याकडे मी नंतर येतो.

यंत्र बंद असताना शाफ्ट या आतल्या बॉल बेअरिंगवर विसावलेला असतो. पॅनेलवरून आज्ञा दिली की ‘टक्’ असा बारीक आवाज होतो आणि शाफ्ट पाव मिलिमीटर वर येतो. डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही. पण कपलिंगला हातानं हलका धक्का द्या, शाफ्ट फिरू लागेल आणि फिरतच राहील. तुम्ही पाणी पिऊन याल तरी तो फिरत असेल. आता बोटानं शाफ्ट खाली दाबून पाहा. तो दबल्यासारखा वाटत नाही. स्क्रीनवर मात्र वरच्या कॉइलचा करंट चढलेला दिसतो, बोट काढलं की उतरतो. तुमच्या बोटाचं वजन अँपिअरमध्ये समोर उभं राहतं. ज्यानं एकदा हे केलं त्याला या यंत्राबद्दल पुन्हा परकेपणा वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

हे तोलणं कसं साधतं? शाफ्ट जितका सरला तितका करंट बदलायचा, हा पहिला नियम. त्यानं शाफ्ट परत येतो, पण मध्यावर थांबत नाही, पलीकडे जातो, पुन्हा परततो; झुलणं सुरू होतं. म्हणून तो किती वेगानं सरतो आहे तेही पाहावं लागतं आणि त्या वेगाला विरोध करावा लागतो. तेलाच्या बेअरिंगमध्ये हे कंपन जिरवण्याचं काम तेलाचा चिकटपणा फुकटात करतो. इथं ते गणितानं करायचं, आणि वेळेत करायचं. कॉइलमध्ये करंट क्षणात चढत नाही, तिचा स्वतःचा विरोध असतो. म्हणून ॲम्प्लिफायरला दाबून, मोठ्या व्होल्टेजनं तो ढकलावा लागतो. सेन्सरला लागलेला उशीर, गणिताला लागलेला उशीर, करंटला लागलेला उशीर, हे सगळे एकत्र झाले आणि बळ चुकीच्या क्षणी लागलं की तेच बळ कंपन जिरवायच्या ऐवजी वाढवू लागतं.

खरी कसोटी यापुढे आहे. शाफ्ट आपण ताठ समजतो. पण वेगानं फिरताना तो वाकतो, लहरतो. वाकलेल्या शाफ्टवर काही बिंदू असे असतात की ते हलतच नाहीत, आणि त्यांच्या दोन बाजूंना शाफ्ट उलट दिशांना हलतो. समजा असा एक बिंदू नेमका सेन्सर आणि चुंबक यांच्या मध्ये आला. सेन्सर सांगतो, शाफ्ट वर गेला. चुंबक त्याला खाली ओढतो. प्रत्यक्षात चुंबकाखालचा शाफ्ट आधीच खाली गेलेला असतो, त्यामुळे मदत करायला निघालेला कंट्रोलर आगीत तेल ओततो. अशा वेळी शाफ्ट एका सुरात किंचाळू लागतो. चांगल्या कारखान्यांत शाफ्टचा आराखडा, सेन्सरची जागा आणि कंट्रोलरचं गणित एकाच टेबलाभोवती बसून ठरतं ते यासाठी. आपल्याकडे यंत्रवाले, वीजवाले आणि इलेक्ट्रॉनिक्सवाले वेगवेगळ्या इमारतींत शिकतात आणि पुढे वेगवेगळ्या विभागांत बसतात. या बेअरिंगला ती विभागणी चालत नाही.

जे कष्ट घेतले त्याचं फळ मात्र मोठं आहे. एक हिशेब मांडतो. ५० किलोचा रोटर घ्या. कितीही चांगला बॅलन्स केला तरी त्याचा वस्तुमानमध्य आणि भौमितिक मध्य यांत थोडा फरक राहतो. तो ५ मायक्रॉन धरा. मिनिटाला २०,००० फेऱ्यांना हा रोटर भौमितिक मध्याभोवती फिरवायचा हट्ट धरला, तर सुमारे ११०० न्यूटन, म्हणजे ११० किलो वजनाइतकं बळ सतत फिरत्या दिशेनं लागेल. रोटरच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. ते सगळं कवचात, पायात, जमिनीत कंपन होऊन उतरतं. चुंबकीय बेअरिंगला आपण सांगू शकतो: फेऱ्यांच्या वारंवारतेला येणाऱ्या या डुलण्याकडे दुर्लक्ष कर. मग रोटर स्वतःच्या वस्तुमानाच्या आसाभोवती फिरू लागतो, मध्य ५ मायक्रॉन डुलत राहतो, फट अर्धा मिलिमीटर असल्यामुळे कुठेही टेकत नाही, आणि कवच शांत राहतं. स्पर्श असलेल्या बेअरिंगमध्ये ही मुभा अशी हवी तेव्हा देता-काढता येत नाही.

शिवाय हे बेअरिंग मोजमापाचं साधनही आहे. कॉम्प्रेसरच्या पात्यावर कचरा साठला, बॅलन्स बिघडला, वायूचा प्रवाह उलट उसळू लागला, तर करंट ते लगेच दाखवतात. साध्या यंत्रावर असलं काही शोधायला बाहेरून सेन्सर चिकटवावे लागतात.

आता त्या आतल्या बॉल बेअरिंगांकडे येतो. वीज गेली, वायर तुटली, कंट्रोलर थांबला तर काय? पाव मिलिमीटर पडायला गुरुत्वाकर्षणाला सुमारे ७ मिलिसेकंद पुरतात. मिनिटाला ३०,००० फेरे असतील तर तेवढ्यात शाफ्ट साडेतीन फेरे मारतो आणि मग स्थिर उभ्या असलेल्या बॉल बेअरिंगवर आदळतो. त्या बेअरिंगला क्षणार्धात शून्यापासून त्या वेगाला जावं लागतं; गोळ्या घसरतात, तापतात. शाफ्ट खाली नुसता आपटत राहिला तर परवडलं. तो बेअरिंगच्या आतल्या कडेला घासत उलट्या दिशेनं गरगरू लागला तर बळं कित्येक पटींनी वाढतात आणि यंत्र मोडू शकतं. म्हणून ही राखीव बेअरिंग मर्यादित पडण्यांसाठीच असतात. ठरावीक वेळा शाफ्ट पडला की ती तपासायची, बदलायची. वीज जाण्यावर बॅटरी असते. काही चिलरच्या कॉम्प्रेसरमध्ये आणखी सुंदर सोय आहे: वीज गेल्याक्षणी मोटर जनरेटर होते आणि फिरत्या रोटरमधल्या ऊर्जेतूनच बेअरिंगला वीज मिळत राहते. वेग उतरेपर्यंत शाफ्ट अधांतरी राहतो आणि मग हलकेच खाली टेकतो. अशी यंत्रं विकत घेणाऱ्यांना मी आग्रहानं सांगतो: कारखान्यात स्वीकारण्यापूर्वी पूर्ण वेगाला शाफ्ट पाडून दाखवायला सांगा, आणि पाडल्यावर पुन्हा उचलून दाखवायला सांगा. पडणं गृहीत धरून जे यंत्र बांधलं नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही.

हे सगळीकडे वापरावं का? मुळीच नाही. चुंबकाचं बळ लोखंडाच्या संपृक्ततेनं बांधलेलं आहे. शाफ्टच्या व्यास गुणिले लांबी या क्षेत्रफळावर हिशेब केला तर चुंबकीय बेअरिंग दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३ ते ४ किलो भार पेलतं. तेलाचं बेअरिंग १५ ते २० किलो सहज. १० सेंटिमीटर व्यासाचं आणि तेवढ्याच लांबीचं बेअरिंग घेतलं तर चुंबकावर तीन-चारशे किलो, तेलावर दीड-दोन टन. आपल्या भागातल्या साखर कारखान्यातल्या ऊस गाळणाऱ्या रोलरचा विचार करा. मिनिटाला पाच-सहा फेरे आणि भार शेकडो टनांत. २०० टन धरले तरी चुंबकाला दोन्ही टोकांना मिळून पाच चौरस मीटर जागा लागेल. तिथं गनमेटलचं बेअरिंग आणि वंगण हेच बरोबर आहे, आणि पुढेही तेच राहावं. चुंबकाची जागा जिथं वेग जास्त, भार बेताचा आणि तेल नकोसं तिथं. चिप बनवणाऱ्या कारखान्यांतले निर्वात पंप घ्या. तेलाची वाफसुद्धा तिथं माल बिघडवते. मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनाचे चिलर घ्या. आता मुंबई-पुण्यातही ते बसतात. तेल शीतकात मिसळून नळ्यांच्या आत बसतं आणि उष्णता वाहण्यात अडथळा करतं. तेलच नसलं की ती कटकट मिटते.

आणि एक जागा अशी आहे की तिच्याबद्दल बोलताना माझा आवाज थोडा बदलतो. हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांच्या छातीत रक्त ढकलणारा पंप बसवतात. हार्टमेट-२ या जुन्या पंपाचा रोटर दोन्ही टोकांना माणकाच्या बेअरिंगवर टेकलेला असे आणि रक्तच त्याचं वंगण. बेअरिंगपाशी रक्त रेंगाळे, तापे, गाठ धरे. हार्टमेट-३ मध्ये रोटर पूर्ण अधांतरी आहे. अर्नशॉचा हिशेब इथं किती हुशारीनं सोडवला आहे पाहा. रोटरमधल्या कायम चुंबकांची ओढच त्याला वर-खाली सरकण्यापासून आणि कलण्यापासून सावरते. बाजूच्या दोन दिशा तेवढ्या सेन्सर आणि कॉइल सांभाळतात, आणि तोच स्टेटर रोटरला फिरवतोही. रोटरच्या बाजूंना सुमारे अर्धा मिलिमीटर फट आहे, वर-खाली त्याहून मोठी. तांबडी पेशी साधारण ७-८ मायक्रॉनची. तिला भरडली न जाता जायला ऐसपैस वाट मिळते. २०१४ साली हॅनोव्हरला तो पहिल्यांदा माणसाच्या छातीत बसला. पुढे अमेरिकेत १,०२८ रुग्णांवर दोन पंपांची तुलना झाली, तिचा अंतिम निकाल २०१९ साली आला. दोन वर्षांत जुन्या पंपाच्या ५७ रुग्णांना तो काढून बदलावा लागला, नव्याच्या १२ रुग्णांना. छाती पुन्हा उघडण्याचा प्रसंग किती घरांवरून टळला, ते या दोन आकड्यांत आहे. पंपाची वीज पोटातून बाहेर आलेल्या केबलनं, कमरेला लावलेल्या बॅटऱ्यांतून येते. बॅटरी बदलणं हे त्या माणसाचं आणि त्याच्या घरच्यांचं रोजचं काम असतं, आणि ते न चुकता होतं.

शेवटी समोर बसलेल्या मुलांशी बोलतो. हा विषय पुस्तकातून येत नाही. हाताखालून गेला पाहिजे. त्यासाठी परदेशी पॅनेल लागत नाही. एक विद्युतचुंबक, पोलादाची एक गोळी, एक हॉल सेन्सर, एक मॉस्फेट आणि एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर एवढ्यावर सुरुवात होते. आधी फक्त अंतराच्या प्रमाणात करंट द्या. गोळी थरथरेल आणि वर चिकटेल किंवा खाली पडेल. ते नीट पाहा, करंटचा आलेख काढा. मग वेगाचं पद थोडं थोडं वाढवा. एका ठिकाणी थरथर थांबेल. आणखी वाढवलंत तर सेन्सरमधला गोंगाट करंटमध्ये उतरून कॉइल किणकिणू लागेल; तिथून मागे या. मुद्दाम प्रोग्राममध्ये उशीर घाला आणि किती मिलिसेकंदांना गोळी पडते ते नोंदवा. हे जमलं की एक छोटा शाफ्ट घ्या, त्याचं एक टोक साध्या बॉल बेअरिंगवर राहू द्या आणि दुसरं चार चुंबकांच्या मध्ये धरा. फट अर्धा मिलिमीटर ठेवा, आत पाव मिलिमीटरवर पितळेची कडी बसवा म्हणजे शाफ्ट पडला तरी कॉइल वाचतील. फिरवण्याआधी शाफ्टला प्लॅस्टिकच्या हातोडीनं हलकेच टिचकी मारून तो कुठल्या वारंवारतेला वाजतो ते मोजून ठेवा. तो आकडा हातात नसताना मोटरचं बटण दाबू नका.